केसर आंब्याची झटपट परतलेली भाजी: मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी

मे महिन्यात परभणीत पारा 42-43 अंशांवर जातो, तेव्हा गॅससमोर तासभर उभं राहून वरण, भाजी, आमटी असा साग्रसंगीत स्वयंपाक करणं अंगावर येतं. घरातल्यांची भूकही मेलेली असते. पोरं टरबुजाच्या फोडी खाऊन ताटावर बसायला मागत नाहीत. आमच्याकडे अशा दिवसांत जी भाजी ताटात उरत नाही, ती आहे पाडाच्या केसर आंब्याची, मोड आलेल्या मुगासोबत मोठ्या आचेवर परतलेली. आचेवरचं काम 8 मिनिटांचं. कढई तापायला लागतात ती 3-4 मिनिटं वेगळी.

फळ कढईत घालायचं म्हटलं की बऱ्याच जणी बिचकतात. आंब्याचा लगदा होईल, भाजी गोडमिट्ट होईल, रस सुटून पातळ होईल. या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, फळातलं पाणी. टरबुजात शंभरातले 90 हून जास्त भाग पाणी असतं, आंब्यातही 80 हून जास्त. हे पाणी फोडीच्या आत राहिलं तर भाजी रसरशीत लागते आणि कढईत उतरलं तर सगळं बिघडतं. खाली जे जे सांगितलंय ते याच एका गोष्टीसाठी आहे.

आंबा कसा निवडायचा

मराठवाड्याच्या केसरला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. हे झाड मूळचं जुनागडकडचं, पण इथल्या कोरड्या हवेत आणि मुरमाड जमिनीत चांगलं रुजलं. आमच्या भागात त्याचा खरा हंगाम मेच्या मध्यापासून सुरू होतो आणि पहिले एक-दोन जोरदार पाऊस होईपर्यंत चालतो. हापूस चालत नाही असं नाही, पण त्याचा गर लोण्यासारखा, तो कढईत लवकर विरघळतो. केसरचा गर घट्ट असतो. गावरान रायवळ आंबे या भाजीला अजिबात घेऊ नका. ते चोखून खायचे, रेषेदार, त्यांची फोडच पडत नाही.

रसाला जसा पूर्ण पिकलेला आंबा लागतो तसा इथं नको. पाडाला आलेला, म्हणजे झाडावर पिकायला सुरुवात झालेला किंवा आढीत घातल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी काढलेला आंबा घ्यायचा. डेठाजवळ नाकाशी धरलं तर वास यायला हवा, पण अंगठ्यानं दाबलं तर खळगा पडता कामा नये. कापल्यावर गर पिवळा, कोयीजवळ थोडा फिकट, चवीला आंबटगोड. आंबट अंश हवाच आहे, तोच मुगाला आणि शेंगदाण्याला चव आणतो. घरात आढी असेल तर पेंढ्यात हात घालून सगळ्यात टणक निघालेले दोन बाजूला काढून ठेवा.

बाजारातून घेताना एक बघा. साल एकसारखी पिवळीधमक, पण वास नाही आणि कापल्यावर कोयीभोवती पांढरट कच्चा गर, असं फळ घाईनं पिकवलेलं असतं. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला देशात बंदी आहे, तरी अशी फळं गाड्यावर दिसतात. केसर नीट पिकला तरी त्याच्या खांद्यावर हिरवी झाक राहते, त्यामुळे हिरवट दिसतोय म्हणून मागं सारू नका. बागायतदार ओळखीचा असेल तर थेट बागेतून घ्यावा, आणि सांगून घ्यावा की भाजीला हवाय, कडकच दे.

घरी आणल्यावर आंबा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवायचा. डेठाशी चीक असतो, तो ओठांना आणि हाताला भाजतो, पाण्यात निघून जातो. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढावे लागतात, म्हणून हे पाणी मी ओतून देत नाही, तुळशीला आणि कढीपत्त्याला घालते.

काय काय लागेल

चार माणसांना भाकरीसोबत पुरेल एवढं प्रमाण देते. माझी वाटी 150 मिलीची आहे.

केसर आंबे, मध्यम, 2
मोड आलेले मूग, दीड वाटी
कांदा, मोठा, 1
शिमला मिरची, 2
हिरव्या मिरच्या, 3
लसूण, 8-10 पाकळ्या, आणि बोटाच्या पेराएवढं आलं
भाजलेले शेंगदाणे, पाव वाटी, ओबडधोबड कुटलेले
तेल, 2 मोठे चमचे
जिरे आणि तीळ, प्रत्येकी 1 छोटा चमचा
येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्यांचं पीठ), सपाट 1 मोठा चमचा
मीठ, अर्धं लिंबू, कोथिंबीर, पुदिन्याची 10-12 पानं

मूग सकाळी भिजत घातले तर रात्री कपड्यात बांधायचे. मेच्या उष्म्यात ते 8-10 तासांत मोड काढतात, हिवाळ्यासारखी दीड दिवस वाट बघावी लागत नाही. पण तितक्याच लवकर आंबूसही होतात. अर्ध्या पेराएवढे मोड दिसले की पुरचुंडी सोडा आणि फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर त्याच दिवशी वापरा. वास घेऊन बघा, आंबूस किंवा चिकट वाटले तर टाकून द्या, परतून ते सुधारत नाहीत.

तेलाचं म्हणाल तर आमच्याकडे पूर्वापार करडई. पण घाण्याचं कच्चं करडई तेल मोठ्या आचेवर पटकन धुरावतं आणि कडवट होतं. या भाजीला रिफाइंड करडई किंवा शेंगदाणा तेल घ्या. घाण्याच्या तेलाची चव हवीच असेल तर भाजी उतरल्यावर वरून छोटा चमचाभर सोडा, वासच सांगेल की कुठल्या भागातली भाजी आहे.

येसर कशाला?

परतलेल्या भाजीत शेवटी थोडा ओलावा सुटतोच. चिनी पद्धतीत तिथं कॉर्नफ्लोअरचं पाणी घालून तो भाजीला लपेटून घेतात. मी पाच-सहा वर्षांपूर्वी तेच करत होते, पण त्यानं जी चकाकी येते ती भाकरीसोबत मला कधी पटली नाही. येसर आपल्या घरात असतंच. गहू, ज्वारी किंवा बाजरी, हरभऱ्याची डाळ, धणे, तीळ आणि मसाले खमंग भाजून दळलेलं हे पीठ आपण लग्नकार्यातल्या आमटीला लावतो ते आमटी दाट व्हावी म्हणूनच. धान्य आधीच भाजलेलं असल्यामुळे ते कच्चं लागत नाही आणि सुटलेला रस क्षणात ओढून घेतं. आंब्याचा जो थोडाबहुत रस निघतो तो येसरात मुरून प्रत्येक मुगाला चिकटतो. एकदा करून बघा, मग तुम्ही कॉर्नफ्लोअरचा डबा शोधणार नाही.

येसर नसेल तर चमचाभर हरभरा डाळीचं पीठ कोरडंच खमंग भाजून घ्या आणि त्यात पाव चमचा काळं तिखट मिसळा. तितकं खोल लागत नाही, पण काम होतं. नुसतं काळं तिखट घालायचं असेल तर हात आवरा. खडा मसाला जास्त झाला की आंब्याचा वास मरतो.

चिरणं आणि वाळवणं

आंबा घट्ट असल्यामुळे आधी सोलणीनं साल काढा, मग कोयीच्या दोन्ही बाजूंनी उभे काप उतरवा आणि त्यांच्या सुपारीएवढ्या फोडी करा. यापेक्षा लहान केल्या की कढईत विरघळतात, मोठ्या राहिल्या की आतून गारच राहतात. सुरी धारदार हवी. बोथट सुरीनं गर दाबला जातो आणि फोड पडता पडताच रस गळायला लागतो.

आता जी गोष्ट बहुतेक जणी वगळतात ती. फोडी धुतलेल्या सुती कापडावर एकेक सुट्ट्या पसरा, वर जाळी झाका आणि पंख्याखाली 15 मिनिटं ठेवा. इथं आपला उन्हाळा आपल्या कामी येतो. कोकणात किंवा मुंबईत हवाच ओलसर, तिथं फोड तासभर ठेवली तरी चिकटच राहते. आपल्याकडे दुपारची हवा इतकी कोरडी असते की पंधराव्या मिनिटाला फोडीवर बोट फिरवलं तर पातळ पापुद्र्यासारखं लागतं. ओली फोड तेलात पडली की आधी तिच्यावरचं पाणी वाफ होणार, त्यात कढई थंड होणार आणि फोड भाजण्याऐवजी शिजणार. कोरडी फोड तेलाला टेकते, तिच्यातली साखर लगेच रंग धरते आणि आतला रस आत राहतो.

कांदा उभा चिरून पाकळ्या मोकळ्या करा. शिमला मिरचीच्या बिया आणि आतला पांढरा भाग काढून चौकोनी तुकडे करा. धुतलेली मिरची पुसून घ्या. लसूण ठेचू नका, पातळ काप करा, ठेचलेला लसूण मोठ्या आचेवर अर्ध्या मिनिटात करपतो. मूग चाळणीत निथळून त्याच कापडाच्या दुसऱ्या टोकावर पसरा.

चिरलेलं फळ या उष्म्यात तासाभराच्या वर बाहेर ठेवू नये. दुपारी चिरून रात्री करायचं असेल तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि करण्याआधी 10 मिनिटं बाहेर काढून पुन्हा टिपून घ्या, कारण बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं.

कढई

लोखंडी कढईला तोड नाही. ती उशिरा तापते पण तापली की भाजी पडल्यावरही उष्णता सोडत नाही. जाड तवा असेल तर तोही चालतो, इंडक्शनवर तर सपाट बुडाचा तवाच घ्यावा लागतो. पातळ अ‍ॅल्युमिनियमची कढई भाजी पडताक्षणी गार होते. नॉनस्टिक भांडं मोठ्या आचेवर रिकामं तापवायचं नसतं, त्याचा थर खराब होतो. त्यामुळे या पद्धतीला ते जमत नाही.

लोखंडाची एक अट आहे. आंब्याचा आणि लिंबाचा आंबटपणा त्याला लागला की भाजी काळपट होते आणि जिभेवर लोखंडाची चव येते. परतण्याच्या मिनिटभरात काही होत नाही, पण भाजी झाल्यावर कढईत ठेवायची नाही. ताट आधीच शेजारी तयार ठेवा.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी कढई चुलीवर ठेवली, तेल ओतलं आणि लगेच कांदा टाकला होता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माठाजवळ बसून भाकरीचं पीठ चाळत होत्या. त्यांनी नुसता आवाज ऐकला.

"काय घाई करायलीस? कढई तापू दे की आधी. ऐक की, कसं बुडबुड करायलंय. ते शिजायलंय, परतायलंय कुठं?"

त्यांनी मला कांदा काढायला लावला, कढई पुसून कोरडी तापवली आणि हात ओला करून दोन थेंब शिंपडले. पहिल्यांदा थेंब फसफसून जागीच उडून गेले. त्या थांबल्या. पुन्हा शिंपडले तेव्हा थेंबांचे मोती झाले आणि ते कढईत गोल फिरत राहिले. "आता तेल," म्हणाल्या. तेल पडल्यावर कांद्यानं जो चर्र आवाज केला तो आजही मी भाजी न बघता ओळखते. मोठ्या आचेवर परतताना डोळ्यांआधी कानावर विश्वास ठेवा. चर्र चाललंय तोवर पाणी वाफ होऊन निघतंय. बुडबुड सुरू झाली म्हणजे पाणी साचलं.

आता परतायचं

सगळं चिरलेलं, मोजलेलं हाताशी हवं. एकदा सुरुवात केली की डबा उघडायलाही वेळ मिळत नाही. खिडकी उघडा. पंखा मात्र गॅसच्या आचेवर येत असेल तर बंद करा, तेवढी 8 मिनिटं सोसायची.

कढई मोठ्या आचेवर कोरडी तापवा, मोत्यांची परीक्षा घ्या. सगळे थेंब उडाल्यावर मगच तेल सोडा आणि कढई फिरवून बाजूंना लावा. तेलावर लाटा दिसल्या की जिरे, मग लगेच लसूण, आलं, उभी चिरलेली हिरवी मिरची. 10-12 सेकंद, बस. लसणाच्या कडा सोनेरी होण्याआधी कांदा घाला. कांदा दीड मिनिट. मध्ये दोन-तीनदाच हलवा. सारखा चमचा फिरवत राहिलं की भाजीचा कढईशी संबंध तुटतो आणि रंग येत नाही. कांद्याच्या कडांवर तपकिरी ठिपके आले पाहिजेत, आतून तो करकरीत राहिला पाहिजे.

शिमला मिरची घालून आणखी दीड मिनिट. तिची साल एक-दोन ठिकाणी फुगून भाजल्यासारखी होते, तिथं थांबा आणि सगळं ताटात काढून घ्या. काढून घेणं महत्त्वाचं आहे. एकाच कढईत सगळी भाजी रचली तर तळाशी आच पोचत नाही आणि वरचं आपल्याच वाफेत मऊ पडतं.

रिकाम्या कढईत तेल उरलेलं असेल, नसेल तर छोटा चमचाभर घाला. तीळ तडतडले की मूग. मूग मिनिटभर परता, दोन चमचे पाण्याचा हबका मारा आणि झाकण ठेवा. मिनिटभरानं झाकण काढा आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत परता, साधारण आणखी मिनिट. मूग चावायला करकरीत पण कच्चे नकोत. लहान मुलांसाठी करत असाल तर मूग आधी 4-5 मिनिटं वाफवूनच घ्या. उन्हाळ्यात मोडाचं कडधान्य कच्चं किंवा अर्धंकच्चं देऊ नये.

आता कांदा-मिरची परत कढईत. वर मीठ आणि येसर भुरभुरा आणि अर्धं मिनिट परता. मीठ इथंच घालायचं, आधी घातलं तर कांदा पाणी सोडतो, आंब्यावर घातलं तर आंबा. येसराचा भाजका वास उठला की भाजी कडेला सारून मध्ये जागा करा आणि तिथं आंब्याच्या फोडी एका थरात पसरा. 30 सेकंद हात लावू नका. हेच सगळ्यात अवघड जातं, हात आपोआप चमच्याकडे जातो. मग कलथा खालून घालून सगळी भाजी एकदा उलटवा, पुन्हा 20 सेकंद, पुन्हा एकदा उलटवा आणि गॅस बंद. चमच्यानं ढवळू नका, कलथ्यानं उलटवा. फोडीच्या एका बाजूला तांबूस पट्टा दिसला पाहिजे आणि तिची धार शाबूत असली पाहिजे.

गॅस बंद झाल्यावर शेंगदाणे, हातानं तोडलेला पुदिना आणि कोथिंबीर. लिंबू चाखून ठरवा, आंबा आंबट असेल तर नकोच. लगेच ताटात काढा.

सहा-आठ माणसं असतील तर प्रमाण दुप्पट करून एकदाच टाकू नका. दोन घाणे काढा. दुसरा घाणा जास्त लवकर होतो, कढई तापलेलीच असते.

मांसाहारी घरात मुगाऐवजी चिकन घेता येईल. पाव किलो बिनहाडाचं, बोटाएवढ्या पातळ पट्ट्या, थोडं मीठ-हळद लावून कोरडं टिपलेलं. ते कांद्याच्याही आधी परतून, आत गुलाबी उरत नाही असं बघून बाजूला काढायचं आणि शेवटी येसराच्या वेळी मिसळायचं. पनीर घ्यायचं तर दोन्ही बाजूंनी रंग आणून काढून ठेवायचं, बस.

दुसरी फळं

आंबा यायच्या आधी, मार्च-एप्रिलमध्ये, टरबुजाचे दिवस असतात. पूर्वी गोदावरीच्या पात्रातल्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लागायच्या, आता ठिबक आणि मल्चिंग पेपरवर शेतातच पीक निघतं. टरबुजाचा लाल गर परतायला जाऊ नका, कढईत नुसतं पाणी होतं. भाजी करायची ती आपण जनावरांना टाकतो त्या पांढऱ्या भागाची. हिरवी कडक साल सोलून काढा, लाल गर खाऊन झाल्यावर राहिलेल्या पांढऱ्या-फिकट गुलाबी भागाच्या अर्ध्या बोटाएवढ्या काड्या चिरा. या काड्या आधी तेलाशिवाय तापलेल्या तव्यावर 2-3 मिनिटं परतायच्या. वाफ निघताना दिसते. वाफ कमी झाली की बाजूला तेल, हिंग, तीळ, सुकी लाल मिरची, मग काड्या त्यात ओढायच्या आणि 3 मिनिटांत मीठ, कुटलेले शेंगदाणे. दोडक्यासारखी लागते, पण करकरीत. हवं तर उतरल्यावर वरून लाल गराच्या दहा-बारा बिनबियांच्या फोडी टाका, गरम भाजीत गार फोड दाताखाली आली की फार बरं वाटतं. अख्खं फळ वापरलं जातं याचाही आनंद असतो.

कैरी घेतलीत तर मुगासोबतच, पण पातळ लांब काप करा आणि येसरासोबत सुपारीएवढा गूळ किसून घाला. गुळाची साखर पटकन करपते, त्यामुळे गूळ पडल्यावर 20 सेकंदांत गॅस बंद. कैरीला मऊ पडायची भीती नसते, नव्यानं शिकणाऱ्यानं तिच्यापासूनच सुरुवात करावी.

द्राक्षांचा हंगाम एप्रिलपर्यंत असतो. जालन्याजवळचं कडवंची पाणलोटाच्या कामामुळे आणि शेततळ्यांमुळे द्राक्षांचं गाव झालं, तिकडची द्राक्षं आमच्याकडच्या बाजारात येतात. बिनबियांची, घट्ट द्राक्षं मीठ आणि खायच्या सोड्याच्या पाण्यात 10 मिनिटं ठेवून, धुऊन, पूर्ण कोरडी करा. प्रत्येकाला सुरीच्या टोकानं एक टोचा मारा, नाहीतर गरम तेलात फुटून अंगावर उडतात. चिरून घालू नका. शिमला मिरचीबरोबर 40 सेकंद, साल सुरकुतली की झालं.

पपई घ्यायची तर अगदी कडक, नुकताच रंग आलेली. पिकलेली नको.

मोसंबी जालन्याची आणि आमच्या भागाची शान, पण तिला आच दाखवायची नाही. तापवल्यावर तिचा रस कडवट होतो. पाकळ्यांवरचा पापुद्रा सोलून त्या शेवटी ताटात वरून मांडा. डाळिंबाचे दाणेही तसेच, वरूनच. खरबूज आणि केळं यांना मी या भाजीत कधीच घेत नाही. खरबुजाचा वास तापल्यावर बिघडतो, केळ्याचा चिकट गोळा होतो.

बिघडलं तर

भाजी पाणीदार झाली तर आच कमी करून आटवत बसू नका, तेवढ्यात आंबा संपेल. चाळणीत ओतून रस वेगळा करा, कढई पुन्हा तापवा, त्यात चमचाभर येसर भाजा, त्यावर थोडासा रस घालून घट्ट लपका करा आणि भाजी त्यात एकदाच उलटवून काढा. गोड जास्त वाटली तर मीठ वाढवू नका, लिंबू पिळा आणि ठेचलेली हिरवी मिरची वरून द्या. आंबा विरघळलाच असेल तर त्याला भाजी म्हणायचा हट्ट सोडून वाटीभर दही फेटून घाला, मोहरी-मिरचीची फोडणी द्या, चांगलं रायतं होतं. ते भातासोबत वाढा. लसूण करपला असेल तर मात्र उपाय नाही, कडूपणा सगळीकडे जातो. कढई पुसून पहिल्यापासून करा. म्हणून लसूण पडल्यावर मन दुसरीकडे नको.

वाढणं

ज्वारीची भाकरी आधी करून कपड्यात गुंडाळून ठेवा, भाजी अगदी शेवटी, माणसं ताटावर बसल्यावर. सोबत पातळ ताक आणि फोडलेला कांदा. भातावर घ्यायची असेल तर भात मोकळा हवा. डब्यात न्यायला ही भाजी बरी नाही. चार तासांनी आंबा मऊ पडतो आणि या उष्म्यात फळ घातलेली भाजी बंद डब्यात टिकतही नाही. उरली तर लगेच फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळी संपवा, पण पुन्हा परतू नका. गारच भाकरीच्या चुऱ्यात कालवून खा.

आणि कढई लगेच धुवायला टाकू नका. आंब्याच्या कोयींना बराच गर राहिलेला असतो. त्या दोन वाट्या पाण्यात कोळून घ्या. कढईच्या तळाला येसर, तीळ, लसणाचे तुकडे चिकटलेले असतात, त्यावर हे कोळ ओतायचं, मीठ, जिरेपूड आणि चिमूटभर गूळ घालून कलथ्यानं तळ खरवडायचा आणि एक उकळी आली की लगेच स्टीलच्या पातेल्यात काढायचं. आंबटगोड, खमंग सार तयार होतं. आत्याबाई ते वाटीनं प्यायच्या आणि कढई दाखवायच्या. घासायला पाव तांब्या पाणी पुरायचं.